आईनं धरलेली पाण्याची वाट

मोंबासाहून परतल्यापासून मालवणात मला सगळे एकच प्रश्न विचारतात. हत्ती पाहिलात का, सिंह पाहिलात का, हे सगळं नंतर. आधी, "विमानानं गेलात की बोटीनं?" बोटीनं म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. जावई विमानाची सोय करायला एका पायावर तयार, आणि या मायलेकी पाण्यातून घुसळत गेल्या! मी शिकवते त्या मुलींच्या शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, "शालिनीबाई, तुमच्या जागी मी असते ना, तर विमानाशिवाय पाऊल उचललं नसतं." त्या माझ्या जागी असत्या तर त्यांच्या शेजारी माझी आई असती, आणि मग त्याही मुकाट्यानं बोटीनंच गेल्या असत्या.

पुढेमागे ज्यांना परमुलखात जायचं आहे, आणि घरात विमान की बोट यावरून वाद चालला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमचा वाद कसा मिटला ते वाचा, आणि मग आपापला मिटवा.

मालवण

माझी धाकटी बहीण तारा लग्न झाल्यावर मोंबासाला गेली. तिचे यजमान, म्हणजे आमचे जावई, तिथं रेल्वेत कारकून आहेत. ती दरवर्षी बोलवायची आणि दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. यंदा मीच हट्टाला पेटले. वार्षिक परीक्षा संपली की निघायचं आणि शाळा उघडायच्या आत परत यायचं. जावयांनी कळवलं, विमानानं या. मुंबईहून उडालात की नैरोबी, पुढं रेल्वेनं एक रात्र, की घरी. बोटीला आठ-दहा दिवस जायला आणि तेवढेच यायला, म्हणजे अर्धी सुट्टी पाण्यात. त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. शिवाय खोटं कशाला बोलू, मला विमानात बसायचंच होतं.

आई ओटीवर कोकमाची सोलं निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तू जा विमानान. मी बोटीन जातंय."

इथं माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. बाबा तांडेल होते, म्हणजे गलबतावरचे मुख्य. कार्तिक सरला की त्यांचं गलबत निघायचं. कधी मस्कत, कधी झांजीबार, कधी मोंबासा. परत यायचं ते पावसाळ्याच्या तोंडावर. आमच्याकडे बाईनं गलबतावर पाय ठेवायचा नाही असा दंडक. तेव्हा जन्मभर बाबा गेले आणि आई थांबली. परतीचे दिवस आले की ती हिरवं लुगडं नेसून धुरीवाड्याच्या बाजूला एका खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकावर, जाऊन उभी राहायची. आणि बाबा घरात शिरले की पहिलं वाक्य ठरलेलं, "किल्ल्याच्या भायरसूनच वळाखलंय तुका. हिरव्या लुगड्यार." पाण्यातल्या किल्ल्याच्या बाहेरून, एवढ्या लांबून ओळखलं म्हणून आई लाजायची. घरात दाणा नसला तरी एक हिरवं लुगडं ती जपून ठेवायची, कारण त्यांना खूण पटायला हवी. बाबा वारल्यापासून ते लुगडं पेटीच्या तळाशी होतं.

आता बाबांनंतर तिच्या मनात एक किडा शिरला होता, आणि तो तिनं सगळ्यांसमोर बाहेर काढला. "तेंनी जां बघल्यानी तां माका बघूचा आसा. आणि भायरसून माणूस वळाखता की नाय, तांय बघूचा आसा."

बाबांचे धाकटे भाऊ, बाबलकाका, मुंबईत नोकरी करून आलेले. घरात शहाणपणाचा मक्ता त्यांच्याकडे. ते म्हणाले, "वयनी, तेवढांच बघूचा तर होडयेत बस. किल्ल्याभायर नेवन हाडतंय. तेका मोंबासा कित्याक व्हया?"

"हयसून गेलंय आणि घटकेन परत इलंय, तर माका मालवण रोजच्यासारख्यांच दिसतला," आई म्हणाली. "मयनो मयनो पाणी बघून इलेले डोळे व्हये."

काकांनी शेवटचं अस्त्र काढलं. "बोटीत माणूस मेला तर समुद्रात टाकतत, ठावक आसा?"

"टाकांदेत. तेंचीच वाट ती. वाटेर पडान ऱ्हवतलंय."

पण काका हार मानणारे नव्हते. निघायच्या आदल्या दिवशी रामेश्वराच्या देवळात गाऱ्हाणं घालायला गेलो, तर काकांनी गाऱ्हाणं घालणाऱ्या मानकऱ्यांना आधीच पढवून ठेवलेलं. त्यांनी खडा आवाज लावला, "बा देवा म्हाराजा, आज जी ही तुझी लेकरां परमुलखाक चाललीहत, तेंका विमानान सुखरूप व्हर आणि सुखरूप परत हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जमलेले सगळे ओरडले.

"विमानान न्हय, बोटीन!" आई मागून म्हणाली.

मानकरी क्षणभर गोंधळले. "बोटीन व्हर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

अशी देवानं दोन्हीला संमती दिली. आता देवाच्या दारात झालेलं भांडण पुढं कुठं नेणार! मी बोटीला तयार झाले. तयार झाले म्हणजे काय, तणतणत कपडे भरले.

निघताना आईनं ते हिरवं लुगडं पेटीतून काढलं आणि सुमतीकाकीच्या, म्हणजे काकांच्या बायकोच्या हातात दिलं. "सुमती, आमी येतलंव तेवां तार करतलंव. त्या दिसाक ह्यां नेसान माझ्या खडपार उबी ऱ्हव." काकी बिचारी साधी. तिनं लुगडं दोन्ही हातांनी घेतलं आणि देवाचा प्रसाद घ्यावा तसं कपाळाला लावलं.

मुंबईला नेणारी किनाऱ्याची बोट त्या दिवशी दिवे लागल्यावर आली. बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात बसून जाताना आईनं मागं वळून पाहिलं, पण अंधारात दोन-चार कंदिलांखेरीज काही दिसेना. "जातानाचा ऱ्हवला," ती म्हणाली. "येताना बघूया."

मुरगावच्या वाटेवर

मुंबईत टोचून घेणं, शिक्के, रांगा हे सगळं गाळते. त्याचं वर्णन वाचून कुणाचं भलं व्हायचं नाही. मोठ्या आगबोटीवर जावयांनी निदान खोली घ्या म्हणून सांगितलं होतं. आईनं ती खोली दारातूनच पाहिली आणि म्हणाली, "ह्या पेटयेत बसान काय दिसतला?" तेव्हा आम्ही डेकवर पथारी टाकली. जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं, पथारी धुराड्यापासून लांब टाकावी. आम्ही आधी जवळ टाकली आणि तासाभरात लुगड्यांवर काजळीचे ठिपके पडले.

आमच्या शेजारी मणिबेन नावाच्या पोरबंदरच्या बाई होत्या. स्वच्छ, टापटिपीच्या, डब्यात थेपले आणि छुंदा. आमच्या डब्यात सुकट. आईनं भूक लागली म्हणून झाकण उघडलं आणि वारा नेमका मणिबेनकडं. त्यांनी नाकाला पदर लावला, पथारी गुंडाळली आणि शिडीच्या पलीकडं मुक्काम हलवला. आई म्हणाली, "गेली तर गेली. जागा मोठी झाली." मला मात्र धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि तिथं तर धरणीही नव्हती.

ही बोट गोव्यातल्या मुरगावला उतारू घेऊन मग पुढं जाणार होती. गोवा अजून पोर्तुगीजांच्या ताब्यात. मुरगाव मालवणच्या दक्षिणेला, म्हणजे पहाटे आमच्याच मुलखासमोरून जायचं. डेकवर आणखी मालवणी माणसं होती. नैरोबीला खानावळीत कामाला निघालेले एक आचारी त्यांचे पुढारी. उजाडताना ते ओरडले, "मालवण! तां बघा मालवण!" धुक्यात डोंगराची एक निळी रेघ तेवढी दिसत होती. सगळ्यांनी हात जोडले. आचाऱ्यांनी रामेश्वराचं नाव घेऊन नारळ समुद्रात सोडला, आईनंही सोडला. इतक्यात खडकातलं दीपगृह दिसायला लागलं आणि एक खलाशी हसत म्हणाला की मालवण मघाशीच मागं पडलं, हे वेंगुर्ला.

आचारी ओशाळले. आई म्हणाली, "नारळ वेंगुर्ल्याच्या देवाक पावलो. तोय आपलोच." पण ती त्या निळ्या रेघेकडं फार वेळ बघत राहिली. माणसं नाही, घरं नाही, नुसती रेघ. तिच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं.

भर समुद्रात

मुरगाव सुटलं, किनारा बुडाला आणि आई आडवी झाली. पाण्याचा घोट पोटात ठरेना. मी तिच्या उशाशी बसून मनातल्या मनात बाबलकाकांची सगळी वाक्यं आठवत होते. समुद्रात टाकतात हे तर फारच. मला खरोखर भीती वाटली. तिला म्हटलं, "आये, परत येताना विमानानंच यायचं." तिनं डोळे मिटूनच मान हलवली. नाही.

मणिबेन लांबून पाहत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या आपणहून आल्या, लिंबाची फोड आईच्या नाकाशी धरली आणि तिचे तळवे चोळायला बसल्या. मी सोलाचा तुकडा आईच्या दाढेखाली ठेवला. लिंबाचा गुण की सोलाचा, यावर त्या दोघींत पुढं मोंबासापर्यंत वाद झाला. पण आई उठून बसली. मणिबेनची पथारी परत शेजारी आली, सुकटीचा डबा मी स्वतः खाली नेऊन ठेवला, आणि आईनं आयुष्यात पहिल्यांदा छुंदा खाल्ला. "आंब्याचो मुरांबो, तिखट घाटलेलो," असा निकाल दिला.

पाय ठरल्यावर ती मला म्हणाली, "माका कठड्याकडे व्हर." मी धरून नेलं. पुढं पाणी, मागं पाणी, दोन्ही अंगाला पाणी. तिनं हळूहळू चहूकडं मान फिरवली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. त्या दिवशी तिनं कठड्यावर हाताची थाप मारली.

"खोटारडो मेलो!"

मी चपापले. बाबांचा उल्लेख तिनं जन्मात कधी एकेरी केला नव्हता.

"माका काय काय सांगलेला ठावक आसा? झांजीबारच्या माकडान तेंची टोपी पळवली ती. केळी हाताएवढी. उडते मासे गलबतात येवन पडतत आणि भाजून खातत. ह्यां कधी सांगूक नाय. ह्यां! काय्येक नसलेला ह्यां एवढां!" तिचा आवाज फुटला. "आणि मी घरात सुखान निजी होतंय."

ती रडली, चांगली हमसून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होते. माझेही बाबा होतेच की ते. ओटीवर बसून टोपीची गोष्ट सांगणारे बाबा मला आठवले आणि पहिल्यांदा वाटलं की तेवढीच गोष्ट सांगण्याजोगी होती म्हणून ते पुन्हा पुन्हा सांगत असतील.

तेवढ्यात बोटीच्या कडेनं काहीतरी चमकलं. पाण्यातून मुठीएवढे रुपेरी मासे भिरभिरत उठले, लाटेवरून बरेच लांब गेले आणि परत पाण्यात शिरले. पाठोपाठ आणखी. मणिबेन टाळ्या वाजवायला लागल्या. आईनं पदरानं डोळे पुसले आणि नीट निरखून पाहिलं.

"एक खरां निघाला," ती म्हणाली.

मोंबासा

तारानं धक्क्यावरच गळामिठी घातली. तिघींच्या रडण्याचं वर्णन करत नाही, कुणाच्याही घरी माहेरपणाला असंच होतं.

मोंबासा म्हणजे आमचाच किनारा, जरा जास्त उन्हात ठेवलेला. तेच नारळ, तेच आंबे, तीच लाल माती. ताराच्या शेजारची स्वाहिली बाई लाकडी बैठकीवर बसून पुढं आलेल्या दातेरी पात्यावर खोबरं खवत होती. थेट आमच्या विळीसारखं. आई तिच्या शेजारी जाऊन बसली. ही मालवणीत बोलत होती, ती स्वाहिलीत, आणि दोघींचं छान चाललं होतं. माशाच्या कालवणात तिथं नारळाचा रस भरपूर, पण सोलं नाहीत आणि तिरफळंही नाहीत. आईनं बरोबर आणलेली दोन्ही घातली. शेजारणीच्या घरच्यांनी चाखून पाहिलं, एकमेकांकडं पाहिलं आणि पातेलं पुसून खाल्लं. कच्ची केळी मात्र ती माणसं जेवण म्हणून उकडून खातात. आईला ते काही पटलं नाही. केळफूल टाकून केळी उकडणं म्हणजे तिच्या मते उधळेपणा.

सिंह पाहायला जायचं की जुनं बंदर, असं जावयांनी विचारलं. वेळ एकालाच होता. विमानानं आलो असतो तर दोन्ही झालं असतं, हे त्यांनी सौजन्यानं सांगितलं नाही, पण चेहऱ्यावर होतं. आई म्हणाली, "बंदर."

जुन्या बंदरात गलबतं अजून लागतात. ओल्या बोळातून खाली उतरलो तसा वास आला. लवंगा, सुकवलेली मोरी मासळी, काथ्या आणि डांबर. आई मधेच थांबली. "ह्यो तेंच्या गलबतावरच्या पेटयेचो वास," म्हणाली आणि भिंतीला हात टेकून नुसती उभी राहिली. आम्ही तिला घाई केली नाही.

खाली एक कच्छी नाखवा गलबत भरून घेत होता. पावसाच्या आत त्याला घर गाठायचं होतं. आईनं जावयांना सांगून त्याला हिंदीत विचारायला लावलं की घर आलं म्हणजे आधी काय दिसतं. तो म्हणाला, "पहिले पहाड. फिर पेड. फिर मकान."

"आणि बायलमाणूस?" आईनं थेट मालवणीतच विचारलं. जावयांनी त्याचं हिंदी केलं.

नाखवा दिलखुलास हसला. "औरत? वो तो किनारे पे पैर रखा, तब!"

आईला ते आवडलं नाही. वर चढताना पुटपुटली, "ह्येका डोळे नायत."

परतायची वेळ आली. जावयांनी या खेपेला कुणाला न विचारता विमानाची चौकशी करून ठेवली होती. वैशाख सरत आलेला, समुद्र खवळायला लागेल, मुंबईहून मालवणला जाणारी मोसमातली शेवटची बोट चुकली तर घाटातून मोटारीनं धक्के खात जावं लागेल. सगळं खरं. तारा माझा हात धरून म्हणाली, "ताई, विमानान गेलात तर आणखी आठ दिस ऱ्हवशात गो. आईक सांग ना." तिचे डोळे भरले होते. आईनं ते पाहिलं, पदरानं तिचे डोळे पुसले. माझ्याकडं बघत राहिली.

येताना मी बोटीवर तणतणत चढले होते. आता मीच म्हटलं, "बोटीनंच जाऊ." ताराला मी आठ दिवस नाकारले, हे इथं लिहून ठेवते. पण मीही ते रिकामं पाणी पाहिलं होतं. आता मलाही ते हिरवं लुगडं बघायचं होतं.

किल्ल्याच्या बाहेर

परतीचा समुद्र जावयांनी सांगितला होता तसाच निघाला. त्याबद्दल एवढंच सांगते की या खेपेला आडवी मी होते आणि सोलं आई भरवत होती. ती मात्र खांब रोवल्यासारखी. रोज सकाळी कठड्याशी जाऊन यायची आणि मला सांगायची, "पाणी."

मुंबईत उतरल्या उतरल्या काकांना तार केली. किनाऱ्याची शेवटची बोट मिळाली, पण तिकीट देणाऱ्यानं बजावलं, लाटा फार असल्या तर मालवणला न थांबता सरळ वेंगुर्ल्याला नेतील. त्यावर आई म्हणाली, "वेंगुर्ल्याक आमी नारळ दिलो हा. तो देव आमका थय उतरवचो नाय."

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर मालवण दिसायला लागलं. आधी डोंगर, मग माड, मग किल्ल्याचा तट. बोटीनं भोंगा दिला, वेग कमी केला आणि हेलकावत उभी राहिली. किनाऱ्याकडून पडाव निघाले. लाटेबरोबर पडाव वर आला की उडी टाकायची, खाली गेला की थांबायचं. आमच्या पुढच्या एका गृहस्थांची टोपी आणि छत्री समुद्रानं घेतली. मी आईचा दंड घट्ट धरला. "सोड," ती म्हणाली, लुगड्याचा काचा आवळला आणि नेमकी लाट साधून पडावात उतरली. पडाववाल्यानंही "शाबास गो आये!" म्हटलं.

पडाव किल्ल्याच्या बाहेरच्या अंगाला असतानाच ती मला म्हणाली, "शाले, माझे डोळे आता म्हातारे झाले. तुझे बरे आसत. बघ आणि सांग. आणि खोटां सांगू नको."

मी उठून उभी राहिले. खडपं दिसत होती. माडांची रांग, कौलं. किनाऱ्यावर मुंग्यांसारखी माणसं. मी डोळे ताणून ताणून पाहिलं. काही ठिपके हलत होते. त्यात हिरवं कोणतं, तांबडं कोणतं, बाई कोणती, बाप्या कोणता, काही कळेना. एवढ्या लांबून मला तिला हवं ते सांगता आलं असतं. एक शब्द पुरे होता, आणि तो माझ्या अगदी जिभेवर आला.

"नाय गो आये," मी म्हटलं. "दिसणा नाय."

"हिरव्या काय्येक?"

"काय्येक नाय."

ती खाली पाहत बसली. पाण्याचा सपकारा आला, दोघींना भिजवून गेला, तरी तिनं तोंड पुसलं नाही. मला वाटलं, चूक केली. एवढ्या लांबून, एवढं सोसून ही बाई एका शब्दासाठी आली, आणि तो मी तिला दिला नाही.

मग ती सावकाश म्हणाली, "म्हणजे तेंकाय दिसाक नाय. एकाय वर्सा नाय." मग मान वर करून किनाऱ्याकडं, त्या मुंग्यांकडं बघत म्हणाली, "दिसाक नाय. पण बघीत तर होते."

पडाव वाळूला लागला. गुडघाभर पाण्यातून उतरलो. समोर बाबलकाका, म्हणत होते, "वयनी, विमानान इली असतस तर लुगडां सुका ऱ्हवला असता." त्यांना बाजूला सारून सुमतीकाकी पुढं आली. हिरवं लुगडं नेसलेली, कमरेपर्यंत भिजलेली, उन्हानं तोंड लालबुंद झालेलं. सकाळपासून ती त्या खडपावर उभी होती. काकांनी जेवायला बोलावलं तरी हलली नव्हती.

"बाय," तिनं धापा टाकत आईला विचारलं, "दिसलंय काय गो मी?"

मी आईकडं पाहिलं. आईनं काकीच्या खांद्यावरून घसरलेला तो हिरवा पदर नीट सारखा केला.

"किल्ल्याच्या भायरसूनच वळाखलंय गो तुका," ती म्हणाली.